वीतभर उत्तरेला

आमच्या शाळेत कोणी निवृत्त झालं, की बाक्रेसर त्या माणसाला खुर्चीसकट वीतभर उत्तरेला सरकवत.

हार घालून झाले, भाषणं झाली, समोसे फिरू लागले, की सर उठायचे. अंगात साधी पँट आणि बुशशर्ट, पण चाल अशी की सोवळ्यात असल्यासारखं कोणाला शिवायचं नाही. खिशातून कागदाची पुडी काढायची, तीतल्या अक्षता सत्कारमूर्तीच्या डोक्यावर टाकायच्या, मागे जाऊन खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायची आणि किल्ल्याच्या दिशेला ओढायची. लष्करात, म्हणजे शहराच्या आमच्या या भागात, उत्तर शोधायला होकायंत्र लागत नाही, किल्ला दिसला की झालं. हिंदीचे तोमरसर निवृत्त झाले तेव्हा त्यांना ही भानगड कोणी आधी सांगितलीच नव्हती. बिचारे समोशाचा पहिला घास घेत होते. खुर्ची मागे गेली, चटणी शर्टावर आली आणि तोमरसर म्हणाले, "अरे भाई साहब, जाते-जाते हड्डी तुड़वाओगे क्या?"

बाक्रेसर शांतपणे म्हणाले, "हो गया सर. अब आप जा सकते हैं."

मी त्यांना नंतर विचारलं, की हे काय आहे. ते म्हणाले, "उत्तरपूजा झाली की गणपतीची मूर्ती आपण जागची जराशी हलवतो की नाही? हलवल्याशिवाय उचलत नाही. माणसाचंही तेच, बाई. बसलेल्याला एकदम उठवू नये. आधी सरकवावं. मग तो आपला आपण जातो, आणि परत यायची वाट राहते."

"सर, तोमरसर काय गणपती आहेत?"

"पोट बघा की त्यांचं."

हा त्यांचा विनोद. असा एखादा वर्षाकाठी होई आणि तो झाल्यावर ते स्वतःच ओशाळत.

मुकुंद बाक्रे आमच्याकडे मराठी शिकवत. पणजोबा दरबारच्या देवळात पूजेला होते, आजोबांनीही तेच केलं, वडिलांनी थोडं ते आणि थोडी कारकुनी केली. सरांपर्यंत येता येता देऊळ सुटलं, पण हात तसाच राहिला. स्टाफरूममधलं बंद पडलेलं घड्याळ फेकायला काढलं, तर सरांनी ते कपाटावर नेऊन ठेवलं. जुनं कॅलेंडर नव्याच्या मागे. मोडक्या पायाची खुर्ची कोपऱ्यात, भिंतीला टेकून. शाई संपलेल्या पेनांनासुद्धा त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक कप्पा होता. "मोडायचं नाही हो, सरकवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फळासुद्धा हा माणूस पुसत नसे. लिहून लिहून कडेपर्यंत जायचे आणि मग घंटेची वाट बघत उभे राहायचे. पुढचा तास माझा. म्हणजे वर्षानुवर्षं त्यांचे संधी आणि समास पुसायचं पाप माझ्या माथी.

आता माझंही थोडं सांगते, म्हणजे माझी चिडचिड कुठून आली ते कळेल. आम्ही जाधव. आमचे पूर्वज दक्खनेतून घोड्यावर बसून आले आणि इथे लष्करात राहिले. आता घोडा नाही, तलवार नाही, मी शाळेत संगणक शिकवते. पण एक घाव दोन तुकडे ही सवय काही गेली नाही. नको ती वस्तू मी घरात ठेवत नाही, नको ती फाइल संगणकात ठेवत नाही. पुसून टाकलं की मला अंघोळ केल्यासारखं वाटतं. अशा बाईच्या गळ्यात बाक्रेसर पडले, ते एकत्रीकरणामुळे.

आमच्या आवारात दोन शाळा होत्या. एक आमची, मराठी मंडळींनी जुन्या काळी काढलेली, आणि दुसरी हिंदी माध्यमाची. फाटक एक, पाण्याची टाकी एक, मधे कमरेएवढी भिंत. वरून हुकूम आला की एका आवारात एकच शाळा. भिंत पडली. दोन शाळांची पोरं एक झाली, ती पहिल्याच दिवशी क्रिकेट खेळताना. मास्तरांना वेळ लागला. मग त्या एकत्रीकरणाच्या पाठोपाठ युक्तियुक्तकरण आलं. हा सरकारी शब्द नीट उच्चारता येईपर्यंत माणसाची बदली झालेली असते. कुठे किती शिक्षक हवेत ते नव्याने ठरवायचं आणि जो उरेल तो अतिशेष. रात्रीचा भात उरतो तसा आमच्यात शिक्षक उरतो.

मराठी विषय घेणारी पोरं केव्हाचीच कमी होत आली होती. मराठी घरातली मुलंसुद्धा वर्गात हिंदी घेत आणि घरी म्हणत, "आई, मला खूप भूक लगी आहे." एकत्रीकरणात मराठी विषयच बंद झाला. अतिशेषांमध्ये पहिलं नाव बाक्रेसरांचं.

वाट एकच होती. खालच्या वर्गांना संगणक शिकवायची जागा रिकामी होती. शाळेतल्याच कोणी ती घेतली, जिल्ह्याच्या साहेबांसमोर एक नमुना तास नीट घेऊन दाखवला, तर तो माणूस इथेच राहील. आमच्या प्रिन्सिपल भदौरिया मॅडम मनाने चांगल्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "जाधव मैडम, बाकरे जी को कंप्यूटर आप सिखा दीजिए. ज़्यादा नहीं, बस साहब के सामने एक पीरियड निकल जाए. नहीं तो भितरवार के भी उधर जाना पड़ेगा इनको."

भितरवारच्या पलीकडे म्हणजे पहाटेची बस. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दाना ओलीतलं घर आणि गोरखीच्या अलीकडची ही शाळा, एवढ्या अंतरात गेलं, त्याने उतारवयात रोज खडखडणाऱ्या बसमध्ये बसायचं. निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं राहिली होती. सर माझ्याकडे आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, मला शिकवा. मला इथून जायचं नाही." एवढं सरळ त्यांना काही मागताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, काळजी करू नका, सहावीतली पोरं शिकतात, तुम्हाला काय अवघड आहे.

ही माझी समजूत होती.

नवशिक्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला एक सोपी लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तर दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या आज्ञांचं गाठोडं. त्यातून पडद्यावर एक खिडकी उघडायची, तिच्यात गोल, चौकोन, त्रिकोण मांडायचे, रंग भरायचे. 'ड्रॉ' म्हटलं की आकार दिसतो. 'मूव्ह' म्हटलं की हलतो. 'अनड्रॉ' म्हटलं की पुसला जातो. एवढ्या तीन आज्ञा आल्या की साहेबांसमोरचा तास निघाला असता.

सरांनी पहिला गोल काढला तो खिडकीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात. त्यातला पाव भागच दिसत होता, बाकीचा कडेला कापला गेला. मी म्हटलं, "हरकत नाही. आता हा पुसा आणि दुसरा मधे काढा."

सरांनी हात मागे घेतला. "पुसला की जातो कुठे?"

"कुठे जातो म्हणजे? जातो."

"पण कुठे?"

मी त्यांना पटेल असं सांगायला गेले. "सर, तो मरत नाही. मेमरीत असतो, नुसता दिसत नाही. परत ड्रॉ म्हणा, परत येतो. तुम्हाला हवं तसंच आहे, पुनरागमन."

"मग तोवर बसतो कुठे?"

"बसत नाही कुठेच. त्याला जागाच नसते."

"आहे, पण जागा नाही." सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसायला त्यांची हरकत नसे. "हे काही बरं नाही, बाई."

मी म्हटलं, बरं-वाईट तुम्ही ठरवायचं नाही, आज्ञा लिहायची. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आले ते जिंकल्यासारखे. गोल खिडकीत नव्हता. मी शाबासकी देणार तेवढ्यात त्यांनी लिहिलेली ओळ पाहिली. अनड्रॉ नव्हतंच. त्यांनी गोल मूव्ह करून वर, खिडकीच्या बाहेर नेऊन ठेवला होता.

"सरकवला," ते म्हणाले. "उत्तरेला. वर म्हणजे उत्तरच ना, नकाशात असते तशी? पण एक सांगा बाई, उत्तरेला न्यायचं तर आकडा उणा का लिहावा लागतो?"

"कारण इथे मोजणी वरून खाली होते."

"उलटा कारभार आहे."

"सर, तो खिडकीबाहेर गेला तरी आहेच. संगणकाला त्याचं ओझं वाहावंच लागतं. असे पुष्कळ साठले की संगणक दमेल."

"दमला तर थांबेल घटकाभर. आपण नाही थांबत?"

त्यानंतरचे माझे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मी समजावून सांगितलं, रागावून सांगितलं, फळ्यावर लिहून दिलं. तो फळाही पुसला गेला नाही, हे वेगळं सांगायला नको. चौकोन काढायचे, उत्तरेला. त्रिकोण चुकला, उत्तरेला. एकदा तर मी चिडून त्यांच्या हातातला माऊसच काढून घेतला आणि म्हटलं, "तुमच्या पूर्वजांनी देव पोचवले असतील, पण हा देव नाही, सर, हा निळा चौकोन आहे." ते म्हणाले, "असेना. पण आपणच बोलावला ना त्याला?" मी पाणी प्यायला गेले.

नमुना तासासाठी मी त्यांना फुग्यांचा खेळ दिला. खालून फुगे येतात, मुलाने माऊसने टिचकी मारली की फुगा फुटतो, म्हणजे अनड्रॉ. सरांना फुटणं मंजूर नव्हतं. त्यांचा फुगा टिचकी बसली की हळूहळू वर जायचा आणि खिडकीतून निघून जायचा. खरं सांगायचं तर ते दिसायला फुटण्यापेक्षा छान होतं. मुलांना तर फारच आवडलं. पण थोडे फुगे वर गेले की खेळ मंदावायचा. पुढचा फुगा अडखळायचा, त्याच्या पुढचा रेंगाळायचा.

"तुम्ही आत काहीतरी भलतंच करताय," मी म्हटलं. "एवढ्या फुग्यांनी संगणक इतका मंद होत नाही. कोड दाखवा."

"अजून नीट झालेलं नाही. झालं की दाखवतो," ते म्हणाले, आणि लाजऱ्या मुलासारखी खिडकी मिटली. मला दाखवलंच नाही.

तासाच्या आधीच्या रविवारी सकाळी मी स्वतःच सगळा खेळ नीट लिहून काढला आणि पेनड्राइव्ह घेऊन दाना ओलीत गेले. धान्याच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर गेलं की त्यांची जागा. सर लवकर जेवतात. मी गेले तेव्हा जेवायलाच बसले होते. समोरची खोली चांगली ऐसपैस, मोकळी, तिच्यात सामान म्हणून काही नाही, आणि हे अगदी टोकाला, भिंतीला खेटून. डावं कोपर भिंतीला घासत होतं. घास घेताना अंग आखडून घ्यावं लागत होतं.

मला ते बघूनच राग आला. "अहो सर, एवढी जागा सोडून तिथे काय कोंबून बसलाय?"

"सवय. मधे बसलं तर मागून येणाऱ्याला सरकून घ्या म्हणावं लागतं."

"कोण येणार आहे मागून?"

"आता कोणी नाही," सर म्हणाले आणि आमटी ओरपली. मग पाणी पिऊन त्यांनी सांगितलं, की थोरले भाऊ मुलाकडे पुण्याला गेले, मधले इंदूरला, पुतणे बंगलोरला. पूर्वी पितृपक्षात या खोलीत दोन पंगती उठत. "मी धाकटा. मी कायम वाढपी. बसलेल्यांना आग्रह करायचा आणि उशिरा आलेल्याला जागा करून द्यायची, हे माझं काम." लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही. वाढता वाढता राहून गेलं असेल.

त्यांनी मला लाडू दिला. मी पेनड्राइव्ह दिला आणि बजावलं, "उद्या हाच खेळ चालवायचा. यात अनड्रॉ आहे. तुम्ही फक्त बोलायचं."

"ठेवा. बघतो," ते म्हणाले. आतल्या खोलीतल्या कपाटाकडे बघून म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

साहेब आले. भदौरिया मॅडम आल्या. मी मागच्या बाकावर. सरांनी मुलांना गोळा केलं आणि छान सुरुवात केली. "देखो बच्चो, यह गोला है. इसको हमने बुलाया है. अब इसको जाना है, तो आराम से भेजना है. धक्का नहीं देना." मुलं खूश. साहेबांच्या चेहऱ्यावरही हसू. मी पडद्याकडे बघितलं तर फुगा टिचकी बसल्यावर हळूहळू वर निघाला होता. माझा पेनड्राइव्ह त्यांच्या घरच्या कपाटावर विश्रांती घेत असणार.

मग मुलं रांगेने पुढे आली. एकाने टिचकी मारली, दुसऱ्याने दोन मारल्या, पुढच्यांना धीर धरवेना. फुगे अडखळले. मग एकेक फुगा थांबला. मग पडदा फिकट झाला आणि वर लिहून आलं, नॉट रिस्पॉन्डिंग. एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो हैंग हो गया."

साहेब पुढे वाकले. "इसमें हटाने का कमांड नहीं है क्या?"

"है सर."

"तो लगाया क्यों नहीं?"

सरांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सर, किसी को एकदम से हटाना ठीक नहीं लगता."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला हसू आलं आणि त्याने ते आवरलंही. "मास्टर साहब," तो उठताना म्हणाला, "आजकल तो हमारा सारा काम ही हटाने का है."

बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात आला.

हुकूम आला त्या दुपारी मी लॅबमध्ये जाऊन सरांचा तो खेळ उघडला. या माणसाने आत काय केलंय ते मला बघायचंच होतं. कोड वाचलं आणि डोकं फिरलं. प्रत्येक नवा फुगा वर गेला, की आधी वर गेलेल्या प्रत्येक आकाराला ते एकेक करून, सावकाश, एक जागा बाजूला सरकवत होते. सगळे सरकल्याशिवाय पुढचा फुगा हलणारच नाही. संगणक बंद पडणार नाही तर काय होईल? पण का? न दिसणाऱ्या गोष्टी कशाला हलवायच्या? मी खिडकी पुष्कळ उंच केली, मोजणीचं शून्य खाली ओढून घेतलं, म्हणजे वरच्या बाजूला जे काय होतं ते पडद्यावर दिसेल. आणि खेळ चालवला.

पंगत बसली होती.

समोरासमोर दोन ओळी, सगळे फुगे नीट रांगेत, कोणी कोणाच्या अंगावर नाही. ओळींच्या मधे सरळ वाट. नवा फुगा आला की आधीचे सगळे एकेक जागा आत सरकायचे आणि येणाऱ्याला दाराजवळची जागा मोकळी व्हायची. रांगेच्या आतल्या टोकाला फुगे नव्हते. तिथे निळा चौकोन होता, ज्याच्यावरून मी माऊस हिसकावला होता. चुकलेला त्रिकोण होता. आणि सगळ्यांच्या आधी पहिल्या दिवशीचा तो गोल, जो खिडकीत पाव दिसत होता. इथे तो पूर्ण दिसत होता. मी पुसायला सांगितलेला प्रत्येक आकार त्यांनी फाइलीतून फाइलीत बरोबर आणला होता आणि बसवला होता.

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एका शब्दाचं काम होतं. तिथे अनड्रॉ लिहिलं असतं, तर हा माणूस इथे राहिला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "सर, ही काय पंगत मांडलीत?"

"पाहिलंत?" ते एकदम खूश झाले. मग बदली आठवून पुन्हा गंभीर झाले.

"आणि मधे वाट कशाला सोडली?"

"वाढप्याला जायला नको?"

बदली झालेल्याला निवृत्तीसारखा समारंभ नसतो, पण भदौरिया मॅडमनी हार आणि समोसे मागवले. स्टाफरूम आता नवी होती, पलीकडच्या इमारतीतली. दोन शाळांचे मास्तर एका खोलीत, खुर्च्यांना खुर्च्या लागलेल्या. भाषणं सगळी हिंदीत झाली. बाक्रे जी बहुत सज्जन, बाक्रे जी बहुत मिलनसार. मग सगळे समोशांकडे गेले.

सर उठले नाहीत. गळ्यात हार, दोन्ही हात गुडघ्यांवर, खुर्चीत ताठ बसून राहिले. कोणीतरी प्लेट पुढे केली, ती त्यांनी नको म्हटली. मला आधी वाटलं, पाय भरून आले असतील. मग माझ्या लक्षात आलं, की ते वाट बघतायत. आजवर त्यांनी सगळ्यांना सरकवलं होतं. त्यांना सरकवणारं या खोलीत कोणी नव्हतं, कारण ही रीत दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. हळूच म्हटलं, "सर, मला मंत्र येत नाही."

"मंत्र नको. सरकवा."

"आणि अक्षता?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. खिशात हात घातला, कागदाची पुडी काढली आणि खांद्यावरून मागे, माझ्या हातात दिली. घरून निघतानाच घेऊन आले होते.

मी त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. केस किती विरळ झालेत ते तेव्हा दिसलं. खुर्चीची पाठ धरली आणि जोर लावून ओढली. खुर्चीचे पाय करकरले, समोसे खाणारे सगळे वळून बघू लागले.

"बाई," सर म्हणाले, "किल्ला तिकडे आहे."

नव्या खोलीत माझी दिशाच चुकली होती. मी त्यांना दक्षिणेला ओढलं होतं. एवढ्या लोकांसमोर त्या माणसाला माझी दिशा सुधारायची होती. मी खुर्चीला वळसा घालून आले, पुढून धरली आणि जिथून ओढलं होतं तिथपर्यंत परत आणली, आणि वर आणखी वीतभर किल्ल्याकडे. घामाघूम झाले.

"बस," सर म्हणाले. "हललो."

मग ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि "येतो" म्हणून गेले. मी कॅन्टीनमधून वाटीभर दही मागवून ठेवलं होतं, ते त्यांच्या हातावर घालायचं विसरूनच गेले. ते दही मी संध्याकाळी एकटीने खाल्लं आणि चिडचिड करत घरी गेले.

सर आता पहाटेच्या बसने जातात. तिकडे संस्कृत शिकवतात, तिथला फळा कोण पुसतं देव जाणे. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची अजून आहे, जिथे मी ओढून ठेवली तिथेच, म्हणजे कोणाच्याही सोयीची नाही अशी. परवा विज्ञानाच्या नव्या मॅडम म्हणाल्या, "जाधव मैडम, ये खाली कुर्सी हटवा दें? जगह हो जाएगी."

"हटवाइए मत," मी म्हटलं. "दीवार की तरफ़ थोड़ी सरका दीजिए. आप लोग भी ज़रा सरक के बैठिए, और बीच में रास्ता छोड़िए."

"रास्ता किसके लिए?"

"परोसने वाले के लिए," मी म्हटलं. बाक्रेसरांकडे आम्ही सगळे बघायचो, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.